हात कुठे ठेवू?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी डाव्या गुडघ्याने फार छळलं. खुर्चीवरून उठायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागे. आता बरं आहे. या गुडघ्याचा लेखाशी संबंध आहे, तो शेवटी येईल.

परवा माझी नात आली होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि आता स्वतःचं क्लिनिक काढते आहे. वेबसाइटवर, कार्डावर स्वतःचे चांगले फोटो हवेत म्हणून एका फोटोग्राफरकडे जाऊन आली. याला हल्ली 'पर्सनल ब्रँडिंग' म्हणतात म्हणे. दोन तासांत चाळीस फोटो काढले आणि त्यातला एकही तिला आवडेना. मला मोबाइलवर दाखवले. हाताची घडी घातलेली, भिंतीला टेकलेली, हनुवटीखाली मूठ धरलेली. मी म्हटलं, "अगं, ही कोण?" तर डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. म्हणाली, "आजी, तो सारखा सांगत होता, नॅचरल उभी राहा, नॅचरल उभी राहा. मला हात कुठे ठेवायचे तेच कळेना!"

तिची समजूत काढली, चहा करून दिला. पण ती गेल्यावर तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कोणी साधी अडचण सांगितली तरी ती पहिल्यांदा कोणाला आली होती, हे शोधावंसं वाटतं. आणि 'हात कुठे ठेवू' हा प्रश्न फोटोइतकाच जुना निघाला.

पॅरिसच्या लुई दागेर यांची फोटो काढण्याची पद्धत १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाली. पण त्याआधीच, १८३८ साली, त्यांनी आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचा एक फोटो काढला होता. काचेसमोरचं झाकण काही मिनिटं उघडं ठेवावं लागे. रस्त्यावर माणसं, घोडे, गाड्या सगळं असणार, पण हलणारं काहीच त्या पत्र्यावर उमटलं नाही. रस्ता ओस दिसतो. फक्त एका कोपऱ्यात एक माणूस दिसतो, पाय पुढे करून बूट पॉलिश करून घेत उभा असलेला. तो एका जागी थांबला होता म्हणून राहिला. माणसाच्या पहिल्यावहिल्या फोटोंमध्ये हा गणला जातो, आणि गंमत बघा, त्या बिचाऱ्याला आपला फोटो निघतोय याची कल्पनाच नव्हती. म्हणजे सुरुवात झाली ती 'नॅचरल' फोटोनेच!

पुढे मात्र माणसं मुद्दाम फोटोसाठी बसू लागली आणि सगळं बिघडलं. सुरुवातीला कडक उन्हात कित्येक मिनिटं न हलता बसावं लागे. १८४० साली पेट्झव्हाल यांनी जास्त उजेड घेणारं भिंग तयार केलं, तेव्हा वेळ मिनिटाच्या आत आला. पण अर्धं मिनिट तरी डोकं स्थिर ठेवून बघा बरं. जमत नाही. म्हणून स्टूडिओत पाठीमागे एक लोखंडी दांडा उभा करत आणि त्याच्या चिमट्यात मान अडकवत. समोरून तो दिसत नसे. कधीकधी जुन्या फोटोत उभ्या माणसाच्या बुटांमागे त्या दांड्याचा पाया दिसतो, वाटल्यास बारकाईने पाहा. हात हलू नयेत म्हणून एक टेबलावर, एक मांडीवर. हसू तेवढा वेळ टिकत नाही, म्हणून चेहरा गंभीर. शिवाय चित्रकारांकडून तैलचित्र काढून घेणारे बडे लोकही कधी दात दाखवून हसत नसत. फोटोने तोच रिवाज उचलला. आपल्या पणजोबांचे फोटो पाहून मुलं विचारतात, "हे इतके रागावलेले का?" ते रागावलेले नव्हते हो, ते स्थिर होते!

१८५१ मध्ये काचेवर ओल्या रसायनाचा थर देऊन फोटो काढायची पद्धत आली आणि वेळ काही सेकंदांवर आला. १८५४ साली पॅरिसच्याच दिस्देरी यांनी एका काचेवर अनेक छोटे फोटो घेऊन ते व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर चिकटवण्याचं पेटंट घेतलं. फोटो स्वस्त झाला. माणसं आपली कार्डं वाटू लागली, दुसऱ्यांची अल्बममध्ये जमवू लागली. माझी नात जे करते आहे, त्याची ही पणजीच म्हणायची. पण या कार्डांवर सगळे सारखेच दिसतात. मागे पुठ्ठ्याचा खांब, बाजूला पडदा, टेबलावर जाड पुस्तक. दुकानदार असो की सरदार, खांब तोच. मान सैल झाली तरी माणूस उसनाच राहिला.

आता गंमत पुढे आहे. या उसन्या सामानातही काही माणसांनी आपलं काहीतरी आत नेलं.

अब्राहम लिंकन यांचं उदाहरण घ्या. २७ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये त्यांचं मोठं भाषण होतं. त्याच दिवशी ते मॅथ्यू ब्रेडी यांच्या स्टूडिओत गेले. सहा फूट चार इंच उंची, लांबच लांब मान, अंगावर प्रवासात चुरगळलेला कोट. विरोधक त्यांना कुरूप, खेडवळ म्हणून हिणवत. ब्रेडींनी कॉलर वर ओढायला सांगून मान लहान केली, त्यांना उभं केलं आणि डावा हात पुस्तकांवर ठेवायला लावला. लिंकन वकील होते, पुस्तकांवर हात ठेवणं त्यांना नवीन नव्हतं. हा फोटो आणि त्यावरून केलेली चित्रं निवडणुकीत घरोघर गेली, आणि नोव्हेंबरमध्ये लिंकन निवडून आले. ब्रेडींनी आणि त्या भाषणाने मला अध्यक्ष केलं, असं ते पुढे म्हणाल्याचं सांगतात.

त्याच देशात फ्रेडरिक डग्लस नावाचे एक गृहस्थ होते. जन्म १८१८ चा, गुलामगिरीतला. १८३८ मध्ये पळून सुटले आणि पुढे मोठे वक्ते झाले. त्यांचे सुमारे १६० फोटो आज ठाऊक आहेत. एकोणिसाव्या शतकात कुठल्याही अमेरिकन माणसाचे इतके फोटो निघाले नाहीत, लिंकन यांचेही नाहीत. आणि डग्लस फोटोत जवळजवळ कधीच हसत नाहीत. कारण? त्या काळी वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रं कृष्णवर्णीयांना सदा हसतमुख आणि भोळं दाखवत, म्हणजे गुलामीतही ते कसे सुखी आहेत बघा, असं. डग्लस यांचा मिटलेला ओठ आणि सरळ नजर हे त्याला उत्तर होतं. 'जरा हसा की' असं कोणी म्हणालं तर ते हसले नसते, आणि ते न हसणंच त्यांचं स्वाभाविक होतं. हे वाचल्यापासून मी कोणालाही फोटोसाठी 'हस गं' म्हणायचं सोडलं आहे.

सोजर्नर ट्रुथ या आणखी एक. त्याही गुलामगिरीत जन्मलेल्या. आपले फोटो त्या सभांमध्ये स्वतः विकत आणि त्या पैशावर चळवळीचं काम चालवत. फोटोंचे हक्कसुद्धा १८६४ साली स्वतःच्या नावावर घेतले होते! त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध फोटोत त्या खुर्चीवर बसल्या आहेत आणि हातात विणकाम आहे. हात कुठे ठेवू, हा प्रश्न त्या बाईला पडलाच नाही. हातात काम होतं.

आपल्याकडेही फोटो फार लवकर आला. १८५४ मध्येच मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या फोटोग्राफरांपैकी. पण मराठी माणसाच्या जुन्या फोटोंपैकी माझा सर्वांत आवडता फोटो इथे निघालेलाच नाही. तो १० ऑक्टोबर १८८५ चा, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातला. तीन मुली, तीन देशांच्या. जपानच्या केइ ओकामी किमोनोमध्ये, सीरियाच्या सबात इस्लांबुली आपल्या देशी पोशाखात आणि आपल्या आनंदीबाई जोशी साडीत. तिघी डॉक्टर होणार होत्या. पाश्चात्त्य झगा घालून खांबाशेजारी बसल्या असत्या तर कोणी नवल केलं नसतं. पण त्या आपापल्या वेषात बसल्या. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या. वय अवघं एकवीस. वर्गात हा फोटो दाखवला की मुली काही क्षण गप्प होत. मलाही पुढचं वाक्य पटकन सुचत नसे.

१८८८ मध्ये ईस्टमन यांचा कोडॅक आला, शंभर फोटोंची गुंडाळी घातलेला. १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला. आता फोटो घरात, अंगणात निघू लागला. १९२५ मध्ये लायका बाजारात आला, खिशात मावणारा. एरिक सालोमन नावाचे जर्मन वकील १९२८ पासून लहान कॅमेरा लपवून कोर्टात आणि मोठमोठ्या राजकीय परिषदांमध्ये शिरू लागले. जांभई देणारे मंत्री, कानगोष्टी करणारे पंतप्रधान लोकांनी पहिल्यांदा पाहिले. मोठी माणसं माणसांसारखी दिसू लागली. सालोमन ज्यू होते. १९४४ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. असो. हे लिहिताना हात थांबतोच.

पण स्वाभाविक दिसतं ते खरं असतंच का? ३० डिसेंबर १९४१ ला कॅनडाच्या संसदेत भाषण करून विन्स्टन चर्चिल शेजारच्या दालनात आले. तिथे यूसुफ कार्श दिवे लावून तयार होते. चर्चिल यांनी चिरूट पेटवला. कार्श यांनी रक्षापात्र पुढे केलं, साहेब चिरूट काही ठेवीनात. तेव्हा कार्श पुढे गेले, माफी मागून सरळ तोंडातला चिरूट काढून घेतला आणि कळ दाबली. चर्चिल यांची ती प्रसिद्ध मुद्रा, कमरेवर हात, कपाळाला आठ्या! जगाला त्यात हिटलरपुढे न वाकणारं ब्रिटन दिसलं. खरं म्हणजे तो चिरूट हिसकावल्याचा राग होता. लगेच दुसरा फोटो निघाला, त्यात चर्चिल चक्क हसताहेत. तो किती जणांना ठाऊक आहे? पाच पौंडांच्या नोटेवर २०१६ साली आठ्यांचाच फोटो आला. म्हणजे राग अस्सल, अर्थ मात्र आपण लावलेला.

आता आपल्या सेवाग्रामला येऊ. कनू गांधी नात्याने गांधीजींचे नातू लागत. आश्रमात लेखनिकाचं काम करत. त्यांना फोटोचा नाद लागला. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून कॅमेरा आला. गांधीजींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला अमुक करा, तमुक बसा असं सांगायचं नाही, आणि आश्रम पैसे देणार नाही. या तीन अटींवर कनूभाईंनी दहा वर्षं फोटो काढले. सेवाग्रामच्या कुटीत टेलिफोन कानाला लावलेले बापू, मुंबईत वजनकाट्यावर उभे राहिलेले बापू. या माणसाला कॅमेरा दिसत होता, पण कॅमेऱ्यासाठी तो काही करत नव्हता. मला वाटतं, नातीच्या फोटोग्राफरने 'नॅचरल उभी राहा' म्हणण्याऐवजी ही दुसरी अट वाचायला हवी होती.

गांधीजींना फोटोची ताकद कळत नव्हती, असं मात्र समजू नका. पंचा त्यांनी १९२१ मध्ये मदुरेला विचारपूर्वक स्वीकारला होता. चरखा विचारपूर्वक हाती घेतला होता. १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन बाई 'लाइफ'साठी त्यांचा फोटो काढायला आली, तेव्हा आधी सूत कातायला शीक, मग फोटो, असं तिला सांगण्यात आलं. दिवस मौनाचा. फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायची परवानगी. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याला फोटो साधला, असं तिनेच लिहून ठेवलं आहे. चरखा आणि गांधीजी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो हा फोटो. पण तो पुन्हा एकदा नीट पाहा. चरखा पुढे आहे आणि गांधीजी मागे बसून काहीतरी वाचताहेत. कातत नाहीतच! ते आपल्या कामात आहेत, आणि म्हणूनच तो फोटो खरा वाटतो.

एक फोटो मात्र कनूभाईंना काढू दिला नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत होत्या. तिथे बापूंनी कॅमेरा नको म्हटलं. सगळं जगणं लोकांपुढे उघडं ठेवणाऱ्या माणसाने एक दार लावून घेतलं. आजच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. स्वाभाविक असणं म्हणजे सगळं दाखवणं नव्हे.

इतकं सगळं वाचून झाल्यावर मी माझी शाळेतली जुनी फोटोंची पेटी उघडली आणि मला स्वतःचीच लाज वाटली. दरवर्षी वर्गाचा फोटो निघे. मी बाकाशेजारी उभी राहून ओरडत असे, "हात मांडीवर! मान सरळ! दात नकोत! हलेल त्याला बाहेर काढीन!" फोटोत पन्नास मुलं एकसारखी बसली आहेत, कोणीच कोणी नाही. नावं आठवेनात. एका वर्षीच्या फोटोत मात्र तिसऱ्या रांगेतला एक मुलगा ऐन वेळी शेजाऱ्याला काहीतरी सांगायला वळला आणि त्याचा चेहरा पुसट झाला. फोटो बिघडवला म्हणून तेव्हा मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आज त्या पन्नासांतला तोच मला पूर्ण आठवतो. नाव, आवाज, डब्यातली गुळपोळी, सगळं. लोखंडी चिमटा माझ्या शाळेत नव्हता, पण त्याचं काम मीच करत होते.

दुसरी गोष्ट ह्यांच्या फोटोची. हे गेले तेव्हा भिंतीवर लावायला फोटो शोधला. सगळे ताठ. शेवटी पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला मोठा करून लावला. येणारे-जाणारे हार घालतात. पण भाच्याच्या मुंजीच्या आदल्या दिवशीचा एक छोटा फोटो माझ्या कपाटात आहे. हे जमिनीवर बसून मटार सोलताहेत आणि मान वळवून कोणालातरी चिडवताहेत. फोटो हललेला आहे, मोठा करता येत नाही असं स्टूडिओवाल्याने सांगितलं. भिंतीवरच्या फोटोला मी नमस्कार करते. बोलते ती मटाराच्या फोटोशी.

तर गेल्या रविवारी नात पुन्हा आली. मी तिला सांगितलं, "उभी राहू नकोस. माझा गुडघा दुखतोय, व्यायाम करून घे." ती वैतागली, पण बसली खाली. एक हात गुडघ्याखाली घातला, दुसऱ्याने पाऊल धरलं आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आजी, आता दुखलं की लगेच सांगायचं, सोसायचं नाही." माझ्या जावेच्या मुलाला मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने शेजारच्या खोलीच्या दारातून चार-पाच फोटो काढले.

त्यातल्या एका फोटोत तिच्या केसांची बट पुढे आली आहे, ओढणी घसरली आहे, आणि माझा सुजलेला गुडघा बराच मोठा दिसतो. तिला मी विचारलं, हा लोकांना दाखवायची तुझी तयारी आहे का, कारण तो निर्णय तिचा. तिने बराच वेळ पाहिला. म्हणाली, "आजी, ही मी आहे." क्लिनिकच्या कार्डावर आता तोच फोटो आहे.

माझं तोंड त्यात येत नाही, फक्त गुडघा येतो. वयाच्या या टप्प्यावर माझं एवढं ब्रँडिंग पुरे!

तुमच्याही घरी असा एखादा हललेला, 'बिघडलेला' फोटो असेल. फेकू नका. मागच्या बाजूला पेन्सिलने नाव आणि साल लिहून ठेवा. पुढच्यांना उपयोगी पडेल.